मचाणाला छप्पर कसं आलं

वैशाख पौर्णिमा जवळ आली की विदर्भातल्या व्याघ्र प्रकल्पांत मचाणांची डागडुजी सुरू होते. कुजलेल्या बल्ल्या काढायच्या, दोऱ्या आवळायच्या, बाजूंना नवे तट्टे बांधायचे, शिडीच्या पायऱ्या तपासायच्या. त्याच सुमारास एक जुनी मागणी पुन्हा पुढे येते: मचाणं पक्की करा, वरून आणि चहूबाजूंनी बंदिस्त करा, म्हणजे ऊन-पावसाचा त्रास होणार नाही. मागणी सुतारकामाची वाटते. पण मचाणावर कोण बसतं आणि कशासाठी, हे गेल्या पन्नास वर्षांत पार बदललं, आणि छपराचा वाद त्यातूनच आला आहे.

मचाण जुनंच. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मृगयेवर स्वतंत्र भाग आहे, म्हणजे दबा धरून शिकार करण्याचं शास्त्र दख्खनमध्ये तेव्हाच लिहिलं जात होतं. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतातली जंगलं शिकारीच्या ब्लॉकांत वाटली गेली. परवाना साहेबाचा किंवा संस्थानिकाचा असे. झाड निवडणारा, वाऱ्याची दिशा सांगणारा, मचाण बांधणारा आणि हाका घालणारा माणूस मात्र गोंड किंवा कोरकू वस्तीतला असे. त्याचं नाव शिकारीच्या आठवणींत क्वचितच येतं.

ते मचाण एका रात्रीपुरतं असे. बाज, म्हणजे खाट, उलटी करून फांद्यांना बांधायची, पुढे पाल्याचा आडोसा करायचा. पाला त्याच झाडाचा हवा, कारण परका किंवा सुकलेला पाला जनावराच्या नजरेत भरतो. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो, म्हणून नाल्याकाठचा हिरवा अर्जुन किंवा जांभूळ पसंत केला जाई. छपराची गरजच नव्हती. डोक्यावर फांद्या होत्या आणि उजाडायच्या आत उतरायचं होतं.

ताडोब्यात शिकारीवर बंदी आली १९३५ साली, राष्ट्रीय उद्यान झालं १९५५ साली. वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली १९७० साली. तरी हरणांच्या शिकारीचे परवाने त्यानंतरही होते. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकार एका झटक्यात बंद केली असं सर्रास लिहिलं जातं, ते बरोबर नाही. त्या कायद्यात ‘मोठी शिकार’, ‘विशेष शिकार’ असे परवान्यांचे प्रकार होते. ते रद्द झाले १९९१च्या दुरुस्तीने.

मात्र मूळ कायद्याच्या १७व्या कलमातले दोन निर्बंध मचाणासाठी निर्णायक ठरले. परवाना असला तरी सूर्यास्त ते सूर्योदय शिकार करायची नाही (अपवाद, खास परवानगी असेल तर, मारलेल्या भक्ष्यावर येणाऱ्या मांसभक्षी प्राण्यांचा); आणि पाणवठ्यावर, चाटणावर (जनावरं मीठ चाटायला येतात त्या जागेवर) किंवा तिकडे जाणाऱ्या वाटेवर शिकार करायची नाही (अपवाद पाखुर्डी आणि पाणपक्ष्यांचा). म्हणजे पाण्यावरचं मचाण पूर्णपणे आणि रात्रीचं बहुतांशी शिकाऱ्याच्या हातून कायद्याने आधीच सुटलं होतं. ते उचललं जनावरं मोजणाऱ्यांनी.

मोजणीची कल्पना सरळ होती. वैशाखात नाले आटतात, मोजके पाणवठे उरतात, चंद्र रात्रभर असतो. प्रत्येक पाणवठ्यावर मचाण, त्यावर दोन माणसं, सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत चोवीस तास. तक्त्यात वेळ, प्राणी, नर-मादी-पिल्लू. इथे पहिल्यांदा मचाणावर दुपार काढायची वेळ आली, तीही चंद्रपूरच्या मे महिन्यातली, पारा पंचेचाळिसाच्या वर असताना. माझ्या मते छप्पर आलं ते पावसासाठी नव्हे, या उन्हासाठी.

आधी डहाळ्या टाकल्या गेल्या, मग तट्टे आले, मग ताडपत्री. ताडपत्री स्वस्त आणि पाणी न गळणारी. पण वारा सुटला की फडफडते, आणि पाण्याकडे मान खाली घातलेलं चितळ त्या आवाजाने उधळतं. पत्रा टिकतो, पण दुपारी भट्टीसारखा तापतो आणि त्यावर काटकी पडली तरी खणकन वाजतो. त्यातून निघालेली सोय आज अनेक ठिकाणी दिसते: पत्रा, त्यावर जाड गवताचा थर, तीन बाजूंना कमरेच्या वरपर्यंत तट्टा, पाण्याच्या बाजूला बसल्या नजरेला येईल अशी वीतभर फट. पाठीमागची बाजू गच्च झाकायची, नाहीतर मागच्या उजेडावर बसलेल्या माणसाची आकृती उठून दिसते. शिडी चढून आलं की तोंडावर झडप टाकायची, कारण अस्वल झाडावर सहज चढतं. चारी बाजू बंद केल्या तर हवा कोंडते आणि ऐकू येणं कमी होतं, आणि रात्री पाणवठ्यावरचं निम्मं काम कानांवर चालतं.

आता ज्या निर्णयावर अजून वाद संपलेला नाही, त्याकडे. वाघ पूर्वी पावलांच्या ठशांवरून मोजत. ती पद्धत १९६६च्या सुमारास ओडिशातल्या एका वनाधिकाऱ्याने बसवली. २००४-०५मध्ये राजस्थानातल्या सरिस्कातले वाघ संपल्याचं उघड झालं आणि ठशांवरचा विश्वास उडाला. २००६पासून कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) आणि रेषा ठरवून चालत केलेल्या नोंदींवर आधारलेला देशव्यापी अंदाज सुरू झाला. त्याचा पहिला आकडा १,४११ वाघांचा. २०२२चा ३,६८२.

या बदलात पाणवठ्यावरची मोजणीही मागे पडली. आक्षेप रास्त होते. एकच सांबर संध्याकाळी एका पाणवठ्यावर आणि पहाटे दुसऱ्यावर दिसलं तर दोन धरलं जातं. काही जनावरं त्या चोवीस तासांत पाण्यावर येतच नाहीत. अवकाळी पाऊस झाला की जागोजागी डबकी साचतात, पाणवठे ओस पडतात आणि आकडा कोसळतो, जंगलातलं एकही जनावर कमी झालेलं नसताना. तेव्हा हा आकडा म्हणजे लोकसंख्या नव्हे, यात दुमत नाही. वनखात्याने उपक्रमाला ‘निसर्गानुभव’ म्हटलं, मचाणांचं बुकिंग ऑनलाइन झालं, शुल्क लागलं. २०२० आणि २०२१ ही करोनाची वर्षं सोडली तर उपक्रम चालूच आहे.

माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. मोजणी सदोष ठरली म्हणून तिच्या नोंदीही कुचकामी ठरवल्या गेल्या. एकाच पाणवठ्यावर, एकाच तिथीला, वर्षानुवर्षं भरलेला तक्ता जंगलात किती चितळं आहेत हे सांगत नाही; पण त्या पाण्यावर रानगवे कधीपासून येऊ लागले, सांबरांसोबत पिल्लं दिसतात की नाही, रानकुत्र्यांचा कळप कोणत्या वर्षी पहिल्यांदा आला, हे सांगतो. हे तक्ते ज्या वनरक्षकांनी आणि गावातल्या मजुरांनी भरले त्यांना जनावर अंधारात नुसत्या पाणी पिण्याच्या आवाजावरून ओळखता येई. त्यांच्या जागी हौशी पाहुणा आला आणि सोबतीला एक मार्गदर्शक उरला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मात्र ‘इतके वाघ, इतके बिबटे’ ही चौकट आजही छापून येतेच. म्हणजे आकड्याची शिस्त गेली आणि आकडा तेवढा राहिला.

पक्क्या, बंदिस्त मचाणाची मागणी या पाहुण्यासाठी आहे. जंगलाला लागून असलेल्या शेतांतल्या मचाणाला तिची कितीतरी जास्त गरज आहे. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून धान, तूर, हरभरा वाचवायला शेतकरी रात्ररात्र जागल करतो. त्याचं मचाण पुरुषभर उंचीचं, चार खांबांचं, वर गवत किंवा फाटकी ताडपत्री, बाजू उघड्या. बिबट्याला ती उंची काहीच नाही. पाहुणा वर्षातून एक रात्र बसतो. हा पीक निघेपर्यंत रोज बसतो, पाऊस असो की पौषातली थंडी. लोखंडी सांगाडा, गवत टाकलेला पत्रा, झडप आणि तट्टे हे सगळं बनवण्याचं कसब वनखात्याच्या मजुरांपाशी आहे. ते आधी शिवारात जायला हवं. पाणवठ्यावरची मचाणं बांबू-तट्ट्याचीच राहिली तरी चालतील. तिथे तक्ता भरताना ढग होते का, मागच्या आठवड्यात पाऊस पडला का, हे दोन रकाने मात्र वाढवावेत आणि जुने कागद पाणवठ्यागणिक लावून ठेवावेत.