हेडफोनची पिन कुठे लावायची?

जळगाव-भुसावळकडे उन्हाळा तापला की गेम खेळणाऱ्या पोरांची एक तक्रार हमखास कानावर येते. हेडफोनमध्ये सतत भणभण येते. गेम सुरू होऊन ग्राफिक्स कार्डावर ताण आला की ती वाढते, काहींना तर नुसता माउस हलवला तरी चिरचिर ऐकू येते. मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं यूएसबी हेडसेट घे, कोणी प्रकाशाने आवाज नेणारी ऑप्टिकल केबल लावायला सांगतं, कोणी सोन्याचा मुलामा दिलेली केबल सुचवतं. माझं स्पष्ट मत आहे की यातलं काहीही विकत आणण्याआधी भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाची अर्थिंग तपासावी.

संगणकाच्या आत आवाज म्हणजे नुसते आकडे असतात, बहुतेक वेळा सेकंदाला ४८,००० नोंदी. आकड्यांच्या रूपात असेपर्यंत त्यात भणभण मिसळू शकत नाही. आकडे नीट पोहोचतात, नाहीतर आवाज मध्येच तुटतो. त्या आकड्यांचं विजेच्या लहरीत भाषांतर करणारी चिप म्हणजे डॅक. खरी गोम आहे ती या चिपच्या पुढे. संगणकाच्या हिरव्या जॅकला हेडफोन लावला तर हे काम मदरबोर्डवरच, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवरच होतं, आणि शेजारीच ग्राफिक्स कार्ड शेकडो वॅट वीज झटक्याझटक्याने ओढत असतं. जॅकमधून निघणारा सिग्नल एखाद्या व्होल्टच्या घरातला. त्यात व्होल्टचा हजारावा भाग जरी बाहेरून घुसला, तरी गेममध्ये शांतता असताना तो ऐकू येतो. म्हणूनच कॅबिनेटच्या पुढच्या जॅकपेक्षा मागचा जॅक बरा. पुढच्या जॅककडे जाणारी बारीक वायर कॅबिनेटच्या पोटातून, या सगळ्या गोंगाटाच्या शेजारून जाते.

आता अर्थिंगचं पाहू. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांना पत्र्याच्या कॅबिनेटशी जोडतात. गाळलेली घाण अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जाईल, असा हिशेब असतो. अर्थिंगच नसेल तर कॅबिनेट २३० व्होल्टच्या मधोमध, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतं. त्यातून वाहणारा प्रवाह अगदी क्षीण असतो, पण अनवाणी पायाने फरशीवर उभं राहून कॅबिनेटला हात लागला की बोटांना झिणझिण्या येतात. ‘करंट मारतो भो’ म्हणून जे सांगतात ते बऱ्याचदा हेच. हीच न गेलेली घाण ऑडिओच्या तारांवरच्या धातूच्या जाळीतून वाट काढते आणि कानापर्यंत येते.

तापीकाठच्या काळ्या जमिनीचा यात थेट संबंध आहे. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर भेगा पडतात. ओल गेली की मातीचा विद्युतरोध वाढतो, शिवाय अर्थिंगचा पाइप आणि माती यांच्यात फट पडते. पावसाळ्यात ठीक चाललेली अर्थिंग एप्रिल-मेमध्ये नावापुरती उरते ती यामुळे. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी ओतायची जुन्या वायरमन मंडळींची सवय शास्त्राला धरूनच आहे. भाड्याच्या खोल्यांची गोष्ट आणखी वेगळी. तिथे सॉकेटला तिसरं, मोठं भोक असतं, पण त्याच्या मागे अनेकदा तारच नसते.

दोन गोष्टी मात्र कोणीही करू नयेत. भणभण जावी म्हणून थ्री पिनची जाड पिन काढून टाकणं, आणि अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रलला अर्थच्या टोकाशी जोडणं. पहिल्यात बिघाड झाला तर कॅबिनेट जिवंत तार होतं. दुसऱ्यात न्यूट्रल कुठे तुटला की घरातल्या अर्थ केलेल्या पत्र्यांवर पूर्ण दाब येतो. हे जिवावर बेतणारं आहे. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं.

लॅपटॉप असेल तर निदान सोपं. चार्जर काढून बॅटरीवर गेम लावायचा. भणभण थांबली तर दोष विजेच्या वाटेने येतोय, हेडफोन निर्दोष आहे.

अर्थिंग चांगली असूनही ‘हूंऽऽ’ असा जाड आवाज येऊ शकतो, विशेषतः संगणक एका सॉकेटवर आणि स्पीकरचा अॅम्प्लिफायर दुसऱ्या सॉकेटवर असतो तेव्हा. दोन ठिकाणच्या अर्थमध्ये किंचित फरक असतो, ऑडिओ केबल त्यांना जोडते आणि एक बंद वर्तुळ तयार होतं. त्यात फिरणारा ५० हर्ट्झचा प्रवाह तुम्हाला ऐकू येतो. इथे ऑप्टिकल केबलची खरी किंमत कळते. तोशिबाने १९८३ मध्ये सीडी प्लेअरसाठी आणलेली ही जोडणी प्लॅस्टिकच्या तंतूतून लाल प्रकाश पाठवते. तारेत धातूच नाही, त्यामुळे वर्तुळ तिथेच तुटतं. यूएसबीला हे जमत नाही. यूएसबी डॅक आवाजाचं भाषांतर मदरबोर्डच्या गोंगाटापासून दूर नेतो, त्यामुळे बहुतेकांची चिरचिर जाते, पण त्याच केबलमधून ग्राउंडची तारही सोबत येते. ऑप्टिकलची मर्यादा अशी, की त्यातून न दाबलेला आवाज फक्त दोन चॅनेलचा, म्हणजे डावा आणि उजवा असा जातो. पाच-सात स्पीकर मांडायचे असतील तर एचडीएमआय घ्यावं, ते आठ चॅनेल सहज वाहतं.

हेडफोनवाल्यांनी मात्र चॅनेलच्या आकड्यांमागे लागू नये. डोक्याला कान दोनच आहेत. डावीकडून आलेली पावलं डाव्या कानात आधी पोहोचतात, आणि हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन तृतीयांश इतका असतो. मेंदू त्याच्याही कितीतरी पटीने लहान, सेकंदाच्या लाखाव्या भागाएवढा फरक ओळखतो. उंच पट्टीच्या आवाजात डोक्याची सावली पडते, म्हणून लांबच्या कानाला तो हळू ऐकू येतो. लॉर्ड रेले यांनी १९०७ मध्ये हे दुहेरी गणित मांडलं. पुढचा की मागचा, वरचा की खालचा, हे कानाच्या पाळीच्या वळणांवरून कळतं, आणि गेम हेच गणित करून दोन चॅनेलमध्ये ओततो. त्याला एचआरटीएफ म्हणतात. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेमच्या सेटिंगमध्ये हा पर्याय दिसेल. तो चालू केला तर हेडसेटचं ‘७.१’, म्हणजे आठ स्पीकरचा आभास देणारी सोय, बंद ठेवावं. एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया झाली की दिशा गढूळ होते.

ब्लूटूथबद्दल मी कडक आहे. गाणी ऐकायला उत्तम, नेमबाजीच्या गेमला नाही. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज दाबून, पाठवून, उलगडायला साधारण १५० ते २०० मिलिसेकंद सहज जातात. तेवढ्या वेळात आवाज हवेतून पन्नास मीटरहून जास्त जातो. शेताच्या पल्याडच्या बांधावर कोणी पहार मारत असेल तर घाव आधी दिसतो आणि ठण्ण मागून येतं, तसा तुमचा प्रत्येक बार उशिरा वाजतो. शिवाय माइक चालू केला की जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ कॉलच्या मोडमध्ये जातो. आवाज एका चॅनेलचा होतो आणि सेकंदाला ८ किंवा १६ हजार नोंदींवर घसरतो, त्यामुळे दिशाही गेली आणि धारही गेली. एलई ऑडिओ या ब्लूटूथच्या नव्या पद्धतीने हे सुधारू लागलं आहे, पण ते संगणक आणि हेडसेट दोघांतही असावं लागतं. वायर नकोच असेल तर स्वतःचा यूएसबी डोंगल असलेला २.४ गिगाहर्ट्झचा हेडसेट घ्यावा. त्यातला उशीर बराच कमी असतो.

राहिला २४ बिटचा प्रश्न, म्हणजे आवाजाची प्रत्येक नोंद १६ ऐवजी २४ बिटच्या बारकाईने साठवून फायदा होतो का. १६ बिटमध्येच सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मावतं. पारा ४५ अंशांवर असताना आपल्या खोलीत कूलर घरघरत असतो, आणि त्या घरघरीखाली जे बुडतं ते २४ बिटने वर येत नाही. तिथे कान पूर्ण झाकणारा, मागून बंद असलेला हेडफोन जास्त कामाचा. कारण कूलरवर मात करायला नकळत व्हॉल्यूम वाढत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा आहे, मुलांसाठी ७५ डेसिबलवर तेवढेच तास, आणि दर तीन डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. म्हणजे सुट्टीत रोज पाच-सहा तास खेळणाऱ्या मुलाने कूलरपायी नऊ डेसिबल वाढवले, तर चाळीस तासांचा कोटा पाच तासांवर येतो. एका दिवसातच तो संपतो.