हलकं जेवण, चिवट तुकडा

हवा तापली की शेगडीपुढे उभं राहणं नको वाटतं आणि पोटाला जडही काही नको असतं. अशा दिवसांत स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, पोर्क करायचं ठरलं, की बरेच जण पाठीकडचा, कमी चरबीचा तुकडा निवडतात. मी मात्र खांद्याचाच घेते, तोही चिवट आणि चरबी उघड दिसणारा. हलकं जेवण त्यातूनच चांगलं होतं.

खांद्याचे स्नायू जनावराच्या हालचालीत सतत राबतात, म्हणून त्यांना बांधून ठेवणारं कोलॅजन तिथे भरपूर असतं. कोलॅजन हे प्रथिन म्हणजे तीन साखळ्यांना पीळ घालून वळलेला दोर. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचा पीळ सैल पडू लागतो. ८० अंशांच्या वर हे काम वेग घेतं, तरी त्याला काही तास द्यावेच लागतात. दोर उलगडून पाण्यात उतरला की त्याचं जिलेटिन होतं.

दरम्यान मांसाचे धागे आकसत असतात आणि आतलं पाणी बाहेर ढकलत असतात. पाठीच्या तुकड्यात कोलॅजन थोडंच, त्यामुळे आठ तासांनी हाती कोरडा भुसा येतो. खांद्यातूनही पाणी सुटतंच, पण सुट्या झालेल्या धाग्यांना जिलेटिनचा ओलसर लेप बसतो. रस्साही त्यामुळे दाट होतो आणि जिभेवर रेंगाळतो. एरवी हा भरीवपणा आपण चरबीकडून मागतो. तो जिलेटिनने दिला, तर चरबी खुशाल काढून टाकता येते.

कृती सोपी आहे. एक किलो तुकड्यावरची जाड चरबी कापून टाका. मीठ, कांदा, लसूण आणि कपभर पाणी घालून ‘लो’वर आठ तास ठेवा. घट्ट झाकणाखाली वाफ पुन्हा पाणी होऊन खाली पडते, म्हणून जास्त पाणी नको. मांस गोठलेलं असेल तर आधी फ्रिजमध्ये पूर्ण सुटू द्या. नाहीतर ते फार वेळ कोमट राहतं आणि जिवाणूंना तेच हवं असतं. मध्ये झाकण उघडून पाहू नका. साठलेली वाफ निघून जाते आणि एवढ्या मंद आचेवर ती उष्णता भरून यायला बराच वेळ लागतो.

ही आच किती मंद? ‘लो’वर बरेच स्लो कुकर २०० वॉटच्या आसपास वीज घेतात. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे खोलीत दोन पाहुणे येऊन बसल्यासारखंच. ओव्हनची कॉइल तापते तेव्हा २००० वॉट किंवा त्याहून जास्त लागतात. आठ तासांत स्लो कुकर दीड युनिटच्या जरा वर जातो. ही सगळी ऊर्जा शेवटी खोलीतच उतरते, पण सावकाश, त्यामुळे घर भट्टी होत नाही. या भांड्याच्या मूळ कल्पनेचं पेटंट अर्विंग नॅक्सन यांना अमेरिकेत १९४० मध्ये मिळालं.

शिजलेलं मांस दोन काट्यांनी उकला आणि रस्सा वेगळा काढा. तो पसरट, उथळ भांड्यात ओतून लवकर निववा. इथे हयगय नको. काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि अन्न हळूहळू निवत गेलं की पुन्हा वाढू लागतात. अन्न बाहेर दोन तासांहून जास्त राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाहून जास्त नाही. फ्रिजमध्ये चरबी वर येऊन पांढरी, घट्ट चकती होते. ती अलगद उचलली जाते, आणि खाली थरथरणारी जेली उरते. ती थरथर दिसली की मला खात्री पटते, कोलॅजन नीट उतरलंय.

ही जेली आपल्या शरीराच्या तापमानाच्या आतच वितळते. म्हणून चरबी काढलेला रस्सा उकळून मांसात मिसळा, मांसही पुन्हा चांगलं गरम होऊ द्या आणि ताटात घेतल्यावर कोमट होताच खा. सोबत कच्ची काकडी, पुदिना आणि लिंबू हवंच. आंबटपणा जिलेटिनचा गुळगुळीतपणा कापतो. लिंबू मात्र ताटातच पिळा, कारण त्याचा वास उडून जाणारा असतो. आठ तासांच्या आचेत त्यातला फारसा काही उरणार नाही.