ऑइलचं मिक्स वेगळं, हवेचं मिक्स्चर वेगळं

मागच्या महिन्यात मोहोळकडचा एक पोरगा १०६ सीसीचं स्टिल ०७० हे लाकूड कापायचं चेन सॉ मशीन गोणपाटात गुंडाळून घेऊन आला. मशीन आजोबांच्या काळातलं, चिंचा-बाभळी कापून म्हातारं झालेलं. दोरी ओढली तर जागची हलेना. सायलेन्सर उतरवला, भोकातून बॅटरी मारली. पिस्टनवर उभे ओरखडे, कुणी खिळ्यानं ओढल्यासारखे. पोरगा म्हणाला, "अण्णा, असं होईलच कसं ओ? लिटरला साठ मिली ऑइल टाकत होतो मी. मिक्स एकदम रिच ठेवलं होतं की!"

इथंच घोळ आहे. जुनी चेन सॉ दुरुस्त करायला घेतलेला प्रत्येक दुसरा माणूस हेच वाक्य बोलतो. पेट्रोलमध्ये किती ऑइल मिसळलं ही एक गोष्ट. हवेत किती पेट्रोल मिसळलं ही निराळी. रिच (पेट्रोल जास्त) आणि लीन (पेट्रोल कमी) हे शब्द दुसऱ्या गोष्टीचे आहेत, पहिलीचे नाहीत. पण आपण दोन्हीला 'मिक्स' म्हणतो आणि मग मशीन भंगारात जातं.

ऑइलचं मिक्स सोलापुरात कुणाला शिकवायला नको. लूना, चेतक, एम-८० चालवलेल्या माणसाला पंपावरच्या टू-टी ऑइलचा वास झोपेतही ओळखू येतो. १:५० म्हणजे लिटरला २० मिली, १:४० म्हणजे २५, १:२५ म्हणजे ४०. जुन्या पुस्तिकांत १:२५ किंवा त्याहून दाट प्रमाण दिसतं, कारण तेव्हाची ऑइलं तशी होती. आजचं जेएएसओ एफडी दर्जाचं (हा जपानी मानकातला दर्जा, बाटलीवर छापलेला असतो) ऑइल घ्या आणि जुन्या मशीनला १:४० द्या, विषय संपला. मापाला मेडिकलमधली सिरिंज वापरा. बाटलीच्या झाकणानं अंदाजे ओतणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांचं मशीन हातातच घेत नाही. आणि बारवर, म्हणजे चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीवर, सोडायचं चेन ऑइल हे तिसरंच प्रकरण, ते पेट्रोलच्या टाकीत जात नाही. एवढं तरी सगळ्यांना माहीत असावं.

आता कार्ब्युरेटर. स्कूटरवर मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, ठरावीक मापाचा, कंपनीनं बसवलेला. आपल्या हाताशी असायचा तो फार तर आयडलचा स्क्रू. मालकाच्या हातात मिसळण्यासारखं एकच, ऑइल. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या डोक्यात बसलं की टू-स्ट्रोकची तब्येत ऑइलवर. चेन सॉच्या कार्ब्युरेटरवर मात्र दोन सुया उघड्यावर असतात. 'एल' ही कमी फेऱ्यांची, 'एच' ही फुल्ल थ्रॉटलची. त्या घड्याळाच्या दिशेनं आवळल्या की पेट्रोल कमी, म्हणजे लीन. उलट्या सोडल्या की पेट्रोल जास्त, म्हणजे रिच. 'एच' पाव फेरा जास्त आवळली गेली, तर ऑइल कितीही ओता, मशीन वाचत नाही.

उलट जास्त ऑइलनं थोडं बिघडतंच. जेटमधून जाणाऱ्या थेंबात ऑइलनं जागा अडवली की तेवढं पेट्रोल कमी जातं. १:५० चं १:२५ केलं तर थेंबातलं पेट्रोल ९८ टक्क्यांवरून ९६ वर येतं, शिवाय मिश्रण दाट झाल्यानं सुईतून वाहतंही सावकाश. म्हणजे आपण समजतो रिच केलं, आणि प्रत्यक्षात झालं लीन. फरक थोडासाच, पण 'एच' आधीच काठावर असेल तर तेवढा पुरतो. साठ मिलीवाल्याचं तेच झालं होतं.

लीन मशीनचा खोटेपणा असा की ते मरायच्या आधी झकास चालतं. फेऱ्या चढतात, आवाज धारदार होतो, लाकडात चेन सपासप जाते आणि मालक म्हणतो, "बघा, कसं सुटलंय!" थंड करायला पेट्रोल कमी, त्यामुळे उष्णता वाढते. पिस्टन फुगतो, सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर तुटतो, ॲल्युमिनियम भिंतीला चिकटतं. रिच मशीन धूर काढतं, प्लग काळा करतं, पण सहसा जीव देत नाही.

म्हणून धरलेलं, म्हणजे जाम झालेलं, इंजिन उघडलं की मी आधी पिस्टनचा पंचनामा करतो. ओरखडे मुख्यतः एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर बाहेर पडतो त्या, बाजूला असतील, कारण ती सगळ्यात तापणारी बाजू, तर लीनचा संशय घ्या. चारी बाजूंनी, इनटेककडेही (मिश्रण आत येतं तिकडे) सारखेच खरडलेलं असेल, तर बिनऑइलचं पेट्रोल गेलंय. पोराच्या पिस्टनची एक्झॉस्टची बाजू राखाडी होऊन सोललेली होती, इनटेककडे मशीनिंगच्या मूळ रेघा अजून दिसत होत्या. ऑइल कमी पडलं म्हणायला जागाच नव्हती.

ट्युनिंग कानानं करतात ते असं. एअर फिल्टर धुऊन, बार-चेन चढवून, मशीन पाच मिनिटं तापवायचं. सुया हळूच पूर्ण बंद करून एकेक फेरा सोडायच्या. बहुतेक टिलॉटसन, वॉल्ब्रो कंपन्यांच्या कार्ब्युरेटरवर तेवढ्यात मशीन सुरू होतं. करकचून आवळू नका, सुईचं टोक चेपतं. आधी 'एल', मग आयडल असं की चेन फिरायला नको, शेवटी 'एच'. फुल्ल थ्रॉटल द्या, लाकूड न कापता. आवाज भडभड, अडखळत यायला हवा, एक स्फोट आड चुकल्यासारखा. आता चेन लाकडात घाला. भार आला की भडभड थांबून आवाज एकसंध व्हायला हवा. लाकडातून बाहेर काढली की पुन्हा भडभड. हे जमलं तर 'एच' बरोबर. लाकडाबाहेरही एकसंध किंचाळत असेल तर 'एच' ताबडतोब थोडी सोडा. बांधकामाचं हलकं लाकूड घेऊन हे कळत नाही, मी वखारीतून आणलेला चिंचेचा ओंडका ठेवलाय. एक सावधगिरी: काही जुन्या कार्ब्युरेटरमध्ये गव्हर्नर असतो. फेऱ्या वाढल्या की तो स्वतःच जास्तीचं पेट्रोल सोडतो, त्यामुळे भडभड ऐकून फसायला होतं. तिथं टॅकोमीटर (फेऱ्या मोजायचं मीटर) लावून पुस्तिकेतला आकडा गाठा.

आणि सगळ्यात मोठा चकवा. सुई बरोबर, ऑइल बरोबर, तरी लीन. चाळीस वर्षांच्या मशीनची क्रँकची सीलं वाळून कडक होतात, इनटेकच्या रबराला भेग पडते. तिथून हवा चोरून आत जाते, आणि त्या हवेचं पेट्रोल कार्ब्युरेटरला कळतच नाही. लक्षण असं: थ्रॉटल सोडला तरी फेऱ्या लगेच उतरत नाहीत, आणि मशीन तिरपं केलं की आयडल बदलतो. सील-रबर बदला, मग सुईला हात लावा. चोरटी हवा सुईनं झाकायला जाणारा माणूस पिस्टनचा ग्राहक होतो. रंग मारून, पितळी पाट्या चमकवून 'रिस्टोर केलं' म्हणून दाखवणारे पुष्कळ. त्यांना मी विचारतो, सीलं बदलली का? मग ते पाणी मागतात.

हवामानाचंही लोक उलटंच समजतात. मे महिन्यात सोलापुरात पारा ४२ ला गेला की म्हणतात, उष्णतेनं लीन होईल, 'एच' सोड. अहो, गरम हवा विरळ असते. ४२ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ, म्हणजे मशीन उन्हाळ्यात थोडं रिच होतं. लीन होतं ते गड्ड्याच्या जत्रेच्या थंडीत, भल्या पहाटे. मेमध्ये बसवलेली सुई जानेवारीत तशीच ठेवाल तर गोत्यात याल.

शिवाय आताचं पेट्रोल. २० टक्के इथेनॉल. शुद्ध पेट्रोलला एका भागाला हवा लागते १४.७ भाग, इथेनॉलला ९. ई-२० चा हिशोब साडेतेराच्या आसपास येतो, म्हणजे जुन्या सुईच्या जागेवर मशीन सुमारे ८ टक्के लीन. ऊस लावायचा आपल्या जिल्ह्यानं आणि पिस्टन धरायचा आपलाच, हा न्याय आहे! 'एच' थोडी जास्त सोडा, कार्ब्युरेटरमधला डायफ्रॅम (पातळ पडदा) इथेनॉल सोसणारा घाला, आणि काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवा. साचलेलं मिश्रण पाणी ओढतं आणि जुन्या रबराला खातं.

पोराच्या ०७० ला नवा पिस्टन, रिंग, दोन्ही सीलं घातली. चिंचेच्या ओंडक्यावर भडभड आणि एकसंध, दोन्ही आवाज त्याला तीनदा ऐकवले. जाताना त्यानं सिरिंज मागितली. पंचवीस मिलीला रेघ मारून दिली.