सीमापार वीजजाल समन्वय (युरोप)

शेजारी देशांच्या पारेषण चालकांनी (उच्च दाबाचे वीजजाल चालवणाऱ्या कंपन्यांनी) आपापल्या जालाची स्थिती एकमेकांना आधीच कळवायची, एकत्रित गणित मांडायचे आणि संकट येण्यापूर्वी उपाय ठरवायचे, अशी ही कार्यपद्धती आहे. युरोपच्या मुख्य भूमीवर पोर्तुगालपासून तुर्कस्तानपर्यंतची जनित्रे एकाच ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० आवर्तनांच्या) तालावर फिरतात. १६ मार्च २०२२ रोजी युक्रेन व मोल्दोव्हा आणि ९ फेब्रुवारी २०२५ रोजी तिन्ही बाल्टिक देश या तालात सामील झाले.

वीज करारातला मार्ग पाहत नाही. जिथे विरोध कमी तिकडे ती जास्त वाहते. उत्तर जर्मनीत वारा सुटला की दक्षिणेकडे निघालेल्या विजेचा काही भाग पोलंड आणि चेकियातून फिरून जातो. तिथल्या नियंत्रण कक्षाने ही वीज ना विकलेली असते ना घेतलेली, तरी वाहिन्या तापतात त्यांच्याच.

सगळ्याचा पाया म्हणजे ‘एन-१’ हा नियम: कोणतीही एक वाहिनी, रोहित्र किंवा वीजनिर्मिती संच अचानक गेला तरी उरलेल्या जालाने तो भार पेलला पाहिजे. हे तपासण्यासाठी प्रत्येक चालक दुसऱ्या दिवसाच्या तासातासाचे स्वतःच्या जालाचे प्रारूप पाठवतो: कोणती वाहिनी बंद, कोणता संच किती मेगावॅटवर, उपकेंद्रातले बसबार (वाहिन्या जिथे एकत्र येतात ते जाड वाहक) जोडलेले की वेगळे. ही प्रारूपे जोडून संपूर्ण जालाचे एक प्रारूप होते आणि त्यावर एकेक घटक ‘पाडून’ पाहिला जातो. खरी डोकेदुखी जोडणीतच असते. सीमेवरची तीच वाहिनी एकाच्या यादीत चालू, दुसऱ्याच्या यादीत बंद. किंवा सर्वांची आयात-निर्यात मिळून बेरीज जुळत नाही. मग गणित सुटत नाही, आणि सुटले तरी उत्तर भरवशाचे नसते.

अतिभार दिसला की आधी बिनखर्चाचे उपाय: बसबारची जोडणी बदलणे, देखभालीसाठी वाहिनी बंद ठेवणे पुढे ढकलणे, कला-बदल रोहित्राचा (प्रवाह दुसऱ्या वाटेला वळवणाऱ्या रोहित्राचा) टॅप, म्हणजे वळणाचे प्रमाण ठरवणारी पायरी, फिरवणे. अशी रोहित्रे बेल्जियम-नेदरलँड्स आणि जर्मनी-पोलंड सीमांवर आहेत. ती वीज अडवत नाहीत, दुसऱ्या वाटेला ढकलतात. म्हणून एकाने टॅप फिरवला की शेजाऱ्याचा भार बदलतो, आणि न सांगता फिरवणे धोक्याचे. एवढ्याने भागले नाही तर अतिभाराच्या एका बाजूच्या संचांची निर्मिती उतरवून दुसऱ्या बाजूच्या संचांची चढवतात. याला पैसे लागतात, आणि ते कोणी भरायचे यावरचा वाद तांत्रिक वादापेक्षा जास्त लांबतो.

समन्वय तुटला की काय होते याचा धडा ४ नोव्हेंबर २००६ चा. एम्स नदीतून एक मोठे प्रवासी जहाज जाणार म्हणून उत्तर जर्मनीतील नदीवरची ३८० किलोव्होल्टची दुहेरी वाहिनी बंद करायची होती. ठरलेली वेळ मध्यरात्रीनंतरची. ती अलीकडे आणली गेली, पण शेजाऱ्यांना त्याच संध्याकाळी उशिरा कळले, त्यामुळे आदल्या दिवशीच्या गणितात ही बंदी नव्हती. वाहिनी बंद होताच लांडेसबेर्गेन-वेरेनडॉर्फ वाहिनीवर भार चढला. तिची दोन टोके दोन कंपन्यांकडे होती आणि दोघांच्या संरक्षण रिलेची (भार वाढला की वाहिनी आपोआप तोडणाऱ्या उपकरणाची) मर्यादा वेगळी होती. एका टोकाच्या चालकाने घाईत बसबार जोडले. प्रवाह सुमारे ८० अँपिअर उतरेल असा अंदाज होता, प्रत्यक्षात तो ६७ अँपिअरने चढला. काही सेकंदांत वाहिनी ट्रिप झाली, म्हणजे आपोआप तुटली, पाठोपाठ इतर सुटल्या आणि जालाचे तीन तुकडे झाले. पश्चिम तुकड्याची वारंवारता, म्हणजे हा ५० हर्ट्झचा ताल, ४९ हर्ट्झपर्यंत घसरली, स्वयंचलित भारकपात (काही ग्राहकांची वीज आपोआप तोडणे) झाली आणि दीड कोटीहून अधिक घरांची वीज गेली.

त्याआधी २८ सप्टेंबर २००३ रोजी स्वित्झर्लंडमधील एका वाहिनीतून पहाटे ३:०१ ला झाडावर ठिणगी उडाली आणि ती बंद पडली. दुसरी वाहिनी अतिभारित झाली. ती या अवस्थेत सुमारे १५ मिनिटेच तग धरणार होती. इटलीला आयात ३०० मेगावॅटने कमी करा असा फोन ३:११ ला गेला. मागणी तोकडी होती आणि उशिराचीही. ३:२५ ला दुसरी वाहिनी सुटली आणि सार्डिनिया सोडून अख्खा इटली अंधारात गेला.

सहकार्य त्याआधीही होतेच: १९५१ पासून संघटना, १९५८ मध्ये लाउफेनबुर्ग येथे फ्रान्स, जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या जालांची जोडणी. पण ते फोन आणि सद्भावनेवर चालत असे. २००८ मध्ये ब्रसेल्सला कोरेसो हे सामाईक केंद्र स्थापन झाले. म्युनिक, थेसालोनिकी, कोपनहेगन, टॅलिन येथेही अशी केंद्रे आहेत. युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमानुसार १ जुलै २०२२ पासून ती प्रादेशिक समन्वय केंद्रे म्हणून काम करतात. सुरक्षा-विश्लेषणातून त्यांनी ठरवलेली समन्वित कृती चालकाने अमलात आणायची असते. स्वतःच्या जालाची सुरक्षा-मर्यादा मोडत असेल तरच नकार, तोही कारणासह. ब्रेकर (वाहिनी जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) मात्र राष्ट्रीय नियंत्रण कक्षच उघडतो, म्हणजे तोडतो.

वारंवारता सावरण्यासाठीचा विजेचा राखीव साठाही सामाईक आहे: दोन सर्वांत मोठे संच एकदम गेले असे धरून ३,००० मेगावॅट. वारंवारता २०० मिलिहर्ट्झने ढळली की तो ३० सेकंदांत पूर्ण वापरात येतो. पुढचे काम ज्याच्या क्षेत्रात तूट त्याचे. ते टाळले की सगळ्यांना भोगावे लागते: २०१८ च्या सुरुवातीला सर्बिया-कोसोवो वादात तूट भरली गेली नाही, सरासरी वारंवारता किंचित खाली राहिली आणि जालाच्या तालावर चालणारी युरोपभरची घड्याळे सुमारे सहा मिनिटे मागे पडली.

तुकडे पुन्हा जोडणे हे वेगळेच कसब. ८ जानेवारी २०२१ रोजी क्रोएशियातील एर्नेस्टिनोव्हो उपकेंद्रात बसबार जोडणारा ब्रेकर अतिप्रवाहाने उघडला आणि जाल दोन भागांत फुटले. अशा वेळी प्रत्येक भागात एकाच चालकाकडे वारंवारतेची सूत्रे देतात; दोघांनी एकाच वेळी दुरुस्ती केली तर वारंवारता हेलकावे खाते. दोन्ही बाजूंची वारंवारता, व्होल्टता आणि कलाकोन (विजेच्या लाटेची त्या क्षणीची स्थिती) जवळ आल्याखेरीज ब्रेकर जोडत नाहीत. त्या दिवशी हे जुळायला साधारण एक तास लागला.