पांदणीतली जीप

माझ्या भाच्याला गाडी बांधायची आहे. विकत घ्यायची नाही, बांधायची. नदीपात्रात, दगडगोट्यांत, दोन शेतांमधल्या पावसाळी पांदणीत चालली पाहिजे ही एक अट. दुसरी अट त्याच्याच शब्दांत सांगतो : "मामा, गाडी अशी पाहिजे ना, का लोकं पाह्यतच राह्यले पाहिजे." दिवाळीपासून त्याच्यासमोर तीन सांगाडे आहेत. नागपूरजवळ वाडीकडच्या एका गॅरेजच्या आवारात कडुनिंबाखाली उभी असलेली जुनी महिंद्रा, जंगल सफारीतून निवृत्त झालेली एक मारुती जिप्सी आणि जबलपूरकडून येऊ शकणारी, सैन्यासाठी बनलेली एक जोंगा. चौथा पर्याय हप्त्यावर नवी थार घेऊन तिला सजवायचा, पण ते म्हणजे बांधणं नव्हे असं त्याचं म्हणणं. कोणती घ्यावी असं तो मला विचारतो, मी १९४० पासून सुरुवात करतो आणि तो मोबाइल काढतो. म्हणून इथे लिहितोय.

१९४० च्या जुलैत अमेरिकी सैन्याने १३५ कंपन्यांकडे एका हलक्या टेहळणी गाडीची मागणी पाठवली. चारही चाकांना ताकद हवी आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हवा. वजनाची मर्यादा १,३०० पौंड, म्हणजे ५९० किलोच्या आसपास. मुदतीत उत्तर दिलं ते बँटम आणि विलिस-ओव्हरलँड या दोनच कंपन्यांनी. बँटमसाठी कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने काही दिवसांत आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० ला नमुना सैन्याच्या तळावर जाऊन उभा राहिला. वजनाची अट कुणालाच पाळता आली नाही, ती पुढे वाढवावी लागली. पण त्या अशक्य अटीचा धाक आराखड्यात उतरला. दारं नाहीत, काच पुढे आडवी होते, पत्रा सरळसोट. पुढे विलिसचं ६० अश्वशक्तीचं इंजिन पसंत पडलं, मागणी पुरवायला फोर्डलाही काम मिळालं आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीप तयार झाल्या. जीप म्हटल्यावर जो चेहरा डोळ्यांसमोर येतो, ती उभ्या फटींची दाबलेल्या पत्र्याची जाळी, ती फोर्डची. ती स्वस्तात निघत होती म्हणून आली. सैन्याच्या जीपला नऊ फटी होत्या, नागरी जीपला सात झाल्या. आज त्या सात फटींवर लोक जीव टाकतात!

मुंबईत १९४५ साली सुरू झालेल्या महिंद्रा अँड मोहम्मद कंपनीचं नाव १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा झालं आणि माझगावात विलिस जीप जोडायला सुरुवात झाली. स्वतंत्र भारताच्या पहिल्याच वर्षांत जीप बदनामही झाली. १९४८ च्या सैन्यासाठीच्या खरेदी प्रकरणात ८० लाखांचा व्यवहार झाला, १५५ जीप आल्या आणि त्याही कामाच्या नव्हत्या. पण गावोगावी तिची ओळख वेगळीच झाली. २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि बीडीओची, म्हणजे गटविकास अधिकाऱ्याची, जीप नावाचा प्रकार जन्मला. विदर्भात तर धुरळा दिसला की साहेब आले हे ठरलेलं. जंगल खात्याची जीप, मनसर-कांद्रीकडच्या मॅंगनीज खाणीतली जीप, निवडणुकीत भोंगा बांधलेली जीप. ज्या पिढीने गाडी म्हणून पहिल्यांदा जीपच पाहिली, तिचीच नातवंडं आता जीप बांधायला निघाली आहेत.

आपल्याकडे रुजलेली जीप म्हणजे सीजे-३बी हे नागरी मॉडेल. विलिसने १९५३ मध्ये नवं इंजिन बसवलं, त्याचे इनटेक (हवा आत घेणारे) व्हॉल्व्ह वर असल्याने ते उंच झालं आणि बॉनेटही वर उचलावं लागलं. अमेरिकेत ती १९६८ ला बंद पडली, आपल्याकडे तिचाच सांगाडा पुढे कितीतरी वर्षं चालला. त्यात ट्रॅक्टरच्या वंशातलं डिझेल इंजिन आलं, १९८० च्या दशकात प्यूजोचं डिझेल आलं, सांगाडा लांब होऊन कमांडर झाली. आपल्याकडची 'काळी-पिवळी' तीच, दहा माणसांच्या जागेत अठरा बसवणारी. पण तिच्या बहुतेक गाड्यांत ताकद फक्त मागच्या चाकांना. भाच्याने आधी अशीच एक स्वस्तातली कमांडर पाहिली होती. "याच्यात पुढचा एक्सल टाकू" म्हणाला. एक्सल, पुढे-मागे ताकद वाटणारी ट्रान्सफर केस, दोन शाफ्ट, त्यांचे जॉइंट आणि आरटीओ, या सगळ्याचा हिशेब मांडल्यावर ती गाडी स्वस्त राहिली नाही.

या गाड्यांचं मर्म खाली असतं. कडुनिंबाखालच्या महिंद्राखाली मिस्त्रींनी भाच्याला अक्षरशः आडवं केलं. एक्सल म्हणजे एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत सलग लोखंडी नळी आणि तिच्या पोटात डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा, फुगीर गोळा. गाडीचा सर्वांत खालचा भाग तोच. एक्सलला जोडलेले पाटे म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या. "पाटे उंच केले, बॉडी वर उचलली, तरी थो गोळा तिथंच राह्यते भाऊ. थ्याले टायरच उचलते," मिस्त्री म्हणाले, आणि गोळ्याखाली वीत लावून दाखवली. वीतभर जागाही पुरती नव्हती. गणित साधं आहे. जुन्या जीपचा ६.००-१६ टायर साधारण साडेअठ्ठावीस इंच उंच असतो. त्याजागी ३१ इंची टायर लावला की वाढलेल्या अडीच इंचातला निम्माच हिस्सा गोळ्याला मिळतो, म्हणजे सव्वा इंच. त्या सव्वा इंचासाठी मडगार्ड कापायचं, स्टिअरिंग जड करून घ्यायचं आणि ब्रेकवर भार टाकायचा. शिवाय मोठा टायर गिअरची ताकद खातो. युद्धातल्या जीपच्या डिफरन्शियलचं प्रमाण ४.८८ होतं, सीजे-३बीचं ५.३८. पहिला गिअर, लो रेंज (ट्रान्सफर केसमधला संथ, ताकदीचा गिअर) आणि हे प्रमाण यांचा गुणाकार केला तर सीजे-३बीत इंजिन सदतीस वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. म्हणून ती दगडावर मुंगीसारखी चढते. मोठे टायर लावले आणि गिअर तेच ठेवले, तर ही मुंगी धापा टाकते आणि क्लच जळतो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरात कुहीकडे एका मित्राच्या शेतावर जाताना मी त्याची जीप पांदणीत घातली. पांदण म्हणजे दोन शेतांमधली वाट, आणि तिच्यात बंडीच्या चाकांनी वर्षानुवर्षं पाडलेली चाकोरी. चाकं चाकोरीत, मधला उंचवटा गाडीच्या पोटाखाली. वीसेक पावलं गेलो आणि गोळा उंचवट्यावर टेकला. चारही चाकं फिरत होती, गाडी जागची हलेना. आपली काळी माती ओली झाली की फुगते, टायरच्या खाचांत घट्ट बसते आणि नवाकोरा टायर गुळगुळीत होतो. मी अॅक्सिलरेटर देत राहिलो ही माझी अक्कल. शेवटी दावणीची बैलजोडी आली. ज्यांच्या बंडीने ती चाकोरी पाडली त्यांनीच मला ओढून काढलं, वर त्यांचा मालक म्हणाला, "हवा कमी करायची होती ना साहेब." बरोबरच होतं त्याचं. टायरमधली हवा कमी केली की टायर पसरतो, माती धरतो. फुकटचा उपाय, आणि कुणाला दाखवता येत नाही म्हणून सहसा कुणी करत नाही.

जोंगाची गोष्ट नागपूरला जवळची, कारण जबलपूर इथून पावणेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेर. १९६० च्या दशकात निसान पेट्रोलचा परवाना घेऊन ती सैन्यासाठी तयार होऊ लागली. निसानची ही पेट्रोल म्हणजे गस्तीची गाडी, इंधन नव्हे; तरी इंधनाची तहान हीच तिची ख्याती. नाव जबलपूर, ऑर्डनन्स आणि गन कॅरेज यांच्या इंग्रजी अक्षरांतून जुळवलेलं. चार लिटरच्या जवळपासचं सहा सिलिंडरचं इंजिन, भक्कम बांधा. १९९९ पर्यंत ती बनत होती. लिलावात निघालेल्या जोंगा नागरिकांच्या हाती आल्या, आणि बहुतेकांनी पहिलं काम केलं ते इंजिन काढून डिझेल टाकण्याचं. जोंगा उभी राहिली की खरंच लोक वळून पाहतात. पण चिखलात वजन हा शत्रू आहे, आणि जोंगा जड आहे.

जिप्सी याच्या अगदी उलट. डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीने ती आणली, एक लिटरहून थोड्या कमी क्षमतेच्या ४५ अश्वशक्तीच्या इंजिनावर. १९९० च्या दशकात १.३ लिटरचं इंजिन आलं आणि सैन्यानेही तिला स्वीकारलं. वजन एक टनाच्या आसपास. खाली मात्र तेच जुने सलग एक्सल आणि तेच पाटे. पाट्यांमुळे ती इतकी उडवते की ताडोब्याची सकाळची फेरी करून आलेला माणूस वाघापेक्षा कंबरेबद्दल जास्त बोलतो. ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला इथे तिने सफारीची जी नोकरी केली, तिला तोड नाही. नागपूर-चंद्रपूरकडे तिचे पार्ट आणि तिची नस ओळखणारे हात मिळतात, त्याचं श्रेय या सफारीला. २०२३ मध्ये आलेली जिम्नी तिची वारस, पण तिच्याभोवती अजून गॅरेजांची अशी वस्ती वसलेली नाही.

आता "लोकं पाह्यतच राह्यले पाहिजे" या अटीकडे येतो. आपल्या देशात गाडी वेगळी करायच्या दोन परंपरा आहेत आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. एक मंडी डबवालीची. हरियाणातल्या या गावात नवीकोरी दिसणारी उघडी जीप मागणीप्रमाणे बांधून मिळते : रुंद टायर, चकचकीत बंपर, मोठा म्युझिक सिस्टिम. ती कारागिरी अस्सल आहे, पण ती लग्नाच्या वरातीची कारागिरी. दुसरी परंपरा स्पर्धांची. रेनफॉरेस्ट चॅलेंज ही मलेशियातली स्पर्धा २०१४ मध्ये गोव्यात आली आणि विंच (अडकलेली गाडी ओढणारा दोराचा रहाट), डिफरन्शियल लॉक, स्नॉर्कल (इंजिनाला वरून हवा देणारी नळी) हे शब्द आपल्याकडच्या पोरांच्या तोंडी बसले. लॉकचं महत्त्व मोठं. एक चाक हवेत गेलं की साधं डिफरन्शियल सगळी धाव त्याच चाकाला देतं आणि जमिनीवरचं चाक गप्प बसतं. लॉक ही चूक दुरुस्त करतो. फोर्स गुरखा पुढे-मागे दोन्ही लॉकसह मिळते, पण चौकात तिचे लॉक कोणाला दिसत नाहीत.

आणि मग कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा अर्थ कडक लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. पुढच्या लोखंडी गार्डवर तर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने बोट ठेवलं होतं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवी. सर्वांत मजेशीर नियम रंगाचा. ऑलिव्ह ग्रीन हा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. जीप घेणाऱ्या दहांतल्या आठांच्या मनात नेमका तोच रंग असतो.

जंगलात मनसोक्त गाडी घालता येईल हा भ्रमही काढून टाकावा. अभयारण्यात ठरलेल्या वाटेबाहेर चाक टाकता येत नाही. उरतात ती शेतं, मालकाला विचारून घेतलेली पडीक जमीन आणि कुणाची हरकत नसलेल्या वाटा. म्हणजे पुन्हा पांदणच.

माझं मत महिंद्राकडे झुकतं. तिचा इतिहास सर्वांत लांब, म्हणून तिचे सुटे भाग सर्वांत सोपे. वजन आटोक्यात. टायर मूळ मापाच्या आसपासचे, अरुंद, खोल खाचांचे. पैसे घालायचे ते मागच्या लॉकमध्ये, ब्रेकमध्ये आणि रेडिएटरमध्ये, कारण मे महिन्यात नागपुरात पंचेचाळीस अंशांत लो रेंजमध्ये दहा मिनिटं चाललेलं इंजिन काय करतं ते ज्याने पाहिलंय त्यालाच माहीत. वेगळेपण हवंच असेल तर बॉडीचा पत्रा मूळ घडणीचा ठेवावा. हल्ली तोच दुर्मीळ झालाय.

भाच्याने निम्मं ऐकलं आहे. मागच्या रविवारी पुढचा एक्सल उघडला तेव्हा दोन्ही बाजूंचे ऑइल सील गेलेले निघाले, ग्रीस आणि माती यांचा काळा लगदा बाहेर आला. मिस्त्री तो चिंधीने पुसत होते. भाचा शेजारी उभा राहून मोबाइलवर रंगांचे नमुने दाखवत होता. ऑलिव्ह ग्रीन चालत नसेल तर त्याच्या जवळचा कुठला चालेल, एवढंच त्याला विचारायचं होतं.