हक्कसनद (अमेरिका)

अमेरिकेच्या संविधानातील पहिल्या दहा घटनादुरुस्त्यांना मिळून हक्कसनद म्हणतात. १५ डिसेंबर १७९१ रोजी व्हर्जिनिया राज्याने मान्यता दिल्यावर त्या अंमलात आल्या. धर्मस्वातंत्र्य, भाषण व वृत्तपत्रस्वातंत्र्य, शस्त्र बाळगण्याचा हक्क, बेकायदा झडतीपासून संरक्षण, आरोपीचे हक्क हा तिचा गाभा. दहाही दुरुस्त्यांचा मजकूर पाचशे शब्दांच्या आत बसतो. तेव्हापासून अमेरिकी नागरिक या हक्कांचा उपभोग घेत आले, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. पहिली शंभराहून अधिक वर्षे या सनदेचा न्यायालयात फारसा उपयोग झाला नाही. आज ज्यांचा सगळीकडे दाखला दिला जातो ते निकाल बहुतेक विसाव्या शतकातले आहेत, आणि ते ज्या तरतुदीच्या आधारे लागले ती मूळ सनदेत नाहीच.

मूळ संविधानात सनद का नव्हती?

स्वातंत्र्यानंतर तेरा राज्यांची जी सैल आघाडी होती, तिच्या केंद्राला कर वसूल करण्याचासुद्धा अधिकार नव्हता. हा कारभार सुधारण्यासाठी १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात परिषद भरली. ऱ्होड आयलंड आलेच नाही. बाकी बारा राज्यांचे मिळून ५५ प्रतिनिधी येऊन गेले. त्यांनी कायदे करणारी काँग्रेस, ते राबवणारा राष्ट्राध्यक्ष आणि स्वतंत्र न्यायव्यवस्था अशी तीन अंगे निर्माण केली व प्रत्येकाच्या हाती दुसऱ्याला अडवण्याचे साधन दिले. राष्ट्राध्यक्ष विधेयक नाकारू शकतो, काँग्रेस दोन तृतीयांश मतांनी तो नकार मोडू शकते, न्यायाधीशांची नेमणूक सिनेटच्या, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाच्या, संमतीशिवाय होत नाही, आणि महाभियोगाची टांगती तलवार राष्ट्राध्यक्ष व न्यायाधीश दोघांवर आहे. सत्ता अशी वाटली गेली की नागरिकाचे स्वातंत्र्य आपोआप सुरक्षित राहील, असा घटनाकारांचा हिशेब होता. थोडे हक्क त्यांनी मूळ मजकुरातही घातले होते. बेकायदा अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते, घडून गेलेल्या कृत्याला नंतर कायदा करून गुन्हा ठरवता येत नाही, सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येत नाही, अशी ती कलमे आहेत.

१२ सप्टेंबरला, काम संपत आले असताना, व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन यांनी हक्कांची यादी जोडण्याची सूचना केली. १७७६ चा व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा त्यांनीच लिहिला होता. राज्यांचे असे जाहीरनामे समोर ठेवले तर हे काम काही तासांत उरकेल, असे त्यांचे म्हणणे. ठराव मतास पडला आणि एकाही राज्याने बाजूने मत दिले नाही. जवळपास चार महिने बंद खिडक्यांच्या खोलीत काढलेल्या मंडळींना घरचे वेध लागले असणार, हेही एक कारण मानायला हरकत नाही. अखेर ३९ जणांनी सह्या केल्या. हजर असूनही सही नाकारणाऱ्या तिघांत मेसन होते.

संविधान मान्यतेसाठी राज्यांकडे गेले, तेव्हा हक्कांची यादी नाही हेच विरोधकांचे मुख्य हत्यार बनले. संविधानाचे समर्थक अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी प्रत्युत्तर दिले की, वृत्तपत्रांवर बंधन घालण्याचा अधिकार केंद्राला दिलेलाच नाही, तर तो वापरू नये असे लिहिण्याची गरज काय? उलट यादी केली तर यादीबाहेरचे हक्क नाहीतच, असा अर्थ कोणी काढील. युक्तिवाद हुशारीचा होता, पण लोकांना पटला नाही. मॅसॅच्युसेट्सने १८७ विरुद्ध १६८ मतांनी संविधान स्वीकारले, तेही दुरुस्त्यांची शिफारस जोडून. व्हर्जिनियात हीच मते ८९ विरुद्ध ७९ आणि न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७ पडली.

मॅडिसन यांचा फेरविचार

सनदेचे जनक म्हणून जेम्स मॅडिसन यांचे नाव घेतले जाते, पण सुरुवातीला तेही तिच्या बाजूचे नव्हते. बहुमताने मनात आणले तर असली कलमे म्हणजे नुसते कागदी अडथळे, असे त्यांचे मत. त्यांचे मित्र टॉमस जेफरसन त्या वेळी पॅरिसमध्ये अमेरिकेचे राजदूत होते. जगातल्या कोणत्याही सरकारविरुद्ध हक्कांची सनद मिळणे हा जनतेचा अधिकारच आहे, असे त्यांनी तिकडून लिहून पाठवले. मात्र मत फिरवायला पत्रापेक्षा निवडणूक जास्त उपयोगी पडली असावी. १७८९ च्या प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाच्या, निवडणुकीत मॅडिसन यांच्यासमोर जेम्स मन्रो उभे होते. मतदारसंघात बाप्टिस्ट पंथीयांचा भरणा होता आणि त्यांना धर्मस्वातंत्र्याची लेखी हमी हवी होती. मॅडिसन यांनी दुरुस्त्यांचे वचन दिले व ३३६ मतांनी निवडून आले.

८ जून १७८९ रोजी त्यांनी प्रस्ताव मांडला. नवे सरकार उभारायच्या धांदलीत सभासदांना त्यात रस नव्हता, तरी ते मागे हटले नाहीत. दुरुस्त्या मूळ कलमांत जागच्या जागी गुंफाव्यात, असा त्यांचा विचार होता. रॉजर शर्मन यांच्या आग्रहामुळे त्या शेवटी जोडायचे ठरले. प्रतिनिधिगृहाने १७ दुरुस्त्या मंजूर केल्या, सिनेटने छाटून १२ केल्या. या छाटणीत एक कलम कायमचे गेले. सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य, वृत्तपत्रस्वातंत्र्य आणि फौजदारी खटल्यातील ज्यूरी यांना घटक राज्यांनीही हात लावू नये, असे ते कलम होते. सगळ्या यादीत हेच सर्वांत मोलाचे, असे मॅडिसन म्हणत. ते गळाल्यामुळे पुढे काय झाले, ते खाली येईलच.

राज्यांकडे गेलेल्या बारांपैकी दहा मंजूर झाल्या. प्रतिनिधिगृहाच्या सदस्यसंख्येविषयीची पहिली आजतागायत पडून आहे. काँग्रेस सदस्यांनी वाढवलेला पगार पुढच्या निवडणुकीनंतरच लागू व्हावा, असे सांगणारी दुसरी तशीच पडून होती. १९८२ मध्ये टेक्सास विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने, ही दुरुस्ती अजून जिवंत आहे, असा निबंध लिहिला. प्राध्यापकांनी त्याला ‘सी’ श्रेणी दिली. त्याने चिकाटीने राज्याराज्यांच्या विधिमंडळांकडे पत्रव्यवहार केला आणि १९९२ मध्ये, प्रस्ताव मांडल्यापासून दोनशेहून अधिक वर्षांनी, ती सत्ताविसावी घटनादुरुस्ती झाली. विद्यापीठाने श्रेणी सुधारली, पण त्यासाठी २०१७ साल उजाडावे लागले.

सनदेतील तरतुदी

पहिल्या दुरुस्तीत राजधर्म स्थापण्यास मनाई, धर्माचरण, भाषण, वृत्तपत्रे, शांततेने जमणे आणि सरकारपुढे गाऱ्हाणी मांडणे हे सारे एका वाक्यात आले आहे. दुसरी शस्त्रांविषयीची, ती नागरी पथकांपुरती की व्यक्तीचा हक्क, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये व्यक्तीच्या बाजूने सोडवला, राजकारणात तो अजून पेटलेला आहे. शांततेच्या काळात घरमालकाच्या संमतीशिवाय सैनिक घरात ठेवता येणार नाहीत, हे सांगणारी तिसरी इंग्रजी फौजेच्या अनुभवातून आली आणि आता जवळजवळ वापरात नाही. चौथी झडती व जप्तीला लगाम घालते. पाचवी ते आठवी खटल्याविषयी आहेत: एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नाही, स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, विनाविलंब व जाहीर सुनावणी, वकिलाची मदत, अवाजवी जामिनाला व क्रूर शिक्षेला बंदी. सातवी दुरुस्ती वीस डॉलरपेक्षा मोठ्या दिवाणी दाव्यात ज्यूरीचा हक्क देते. हा आकडा १७९१ चा आहे आणि कोणी बदललेला नाही. नववी म्हणजे हॅमिल्टन यांच्या शंकेला दिलेले उत्तर: यादीत नाहीत म्हणून इतर हक्क नाकारता येणार नाहीत. केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांचे किंवा जनतेचे, असे दहावी सांगते.

राज्यांना सनद लागू नव्हती

बॉल्टिमोर शहराने रस्त्यांची कामे करताना ओढ्यांचे प्रवाह वळवले आणि बॅरन नावाच्या व्यापाऱ्याच्या धक्क्यापाशी इतका गाळ साचला की जहाजे लागेनात. पाचव्या दुरुस्तीनुसार खाजगी मालमत्ता सार्वजनिक कामासाठी घेतल्यास भरपाई मिळते, म्हणून त्याने दाद मागितली. १८३३ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला, की हक्कसनद फक्त केंद्र सरकारला बांधते, राज्यांना व त्यांच्या नगरपालिकांना नाही. त्या काळी सामान्य माणसाचा संबंध येई तो राज्याच्या पोलिसांशी, राज्याच्या न्यायालयाशी आणि राज्याच्या कायद्याशी. म्हणजे जिथे गरज तिथे सनद नाही. दक्षिणेतील राज्यांनी गुलामगिरीविरोधी लिखाणावर बंदी घातली, तेव्हा पहिली दुरुस्ती त्याआड आली नाही. केंद्रालाही तिचा धाक होताच असे नाही. सरकारवर टीका करणाऱ्या संपादकांना तुरुंगात धाडणारा राजद्रोहाचा कायदा काँग्रेसने १७९८ मध्येच, सनदेला पुरती सात वर्षे झाली नसताना केला होता.

यादवी युद्धाने पाया बदलला. तेराव्या दुरुस्तीने (१८६५) गुलामगिरी संपवली. चौदावीने (१८६८) अमेरिकेत जन्मलेल्यांना नागरिक ठरवले आणि राज्यांना बजावले की, योग्य कायदेशीर प्रक्रियेशिवाय कोणाचे जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावता येणार नाही व कायद्याचे समान संरक्षण नाकारता येणार नाही. पंधरावीने (१८७०) वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये पुण्यात ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ती अर्पण केली. योगायोग असा की, त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लुइझियानातील कत्तलखान्यांच्या खटल्यात चौदाव्या दुरुस्तीचे एक महत्त्वाचे कलम इतके आकसून टाकले की ते निरुपयोगी झाले. पुढची कित्येक दशके दक्षिणेतील काळ्या नागरिकांच्या पदरी पडली ती वेगळी शाळा, वेगळा डबा आणि मतपेटीपासून दूर ठेवणारे कर व चाचण्या.

न्यायालयांनी सनद राज्यांवर आणली

१९२५ मध्ये गिटलो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रथमच मान्य केले की भाषणस्वातंत्र्य हे चौदाव्या दुरुस्तीतील ‘स्वातंत्र्या’चा भाग आहे, म्हणून राज्यांनाही ते बंधनकारक आहे. गंमत म्हणजे खुद्द आरोपी, डावे कार्यकर्ते बेंजामिन गिटलो, यांची शिक्षा कायम राहिली. त्यानंतर एकेक कलम राज्यांना लागू होत गेले. बेकायदा झडतीत सापडलेला पुरावा १९६१ पासून राज्यांच्या न्यायालयांतही चालेनासा झाला, आणि १९६६ पासून कोठडीत चौकशीआधी आरोपीला त्याचे हक्क ऐकवणे पोलिसांना भाग पडले. अवाजवी दंडाविषयीचे कलम तर २०१९ मध्ये लागू झाले.

यातला गिडियन खटला जरा तपशिलाने पाहण्याजोगा आहे. १९६१ मध्ये फ्लोरिडातील पनामा सिटी येथे बिलियर्ड खेळण्याच्या एका अड्ड्यावर चोरी झाली. नाणी टाकून चालणाऱ्या यंत्रातील सुटे पैसे आणि थोडी बिअर, वाइन एवढाच ऐवज. क्लॅरेन्स अर्ल गिडियन या फिरस्त्या माणसाला पकडण्यात आले. वकील लावायला पैसे नव्हते म्हणून त्याने न्यायालयाकडे वकील मागितला. देहदंडाचा गुन्हा असेल तरच तो मिळतो, असे न्यायाधीशांनी सांगितले, आणि तो तेव्हाचा कायदाच होता. गिडियनने आपला खटला आपणच लढवला, साक्षीदारांची उलटतपासणीही घेतली, आणि पाच वर्षांची शिक्षा ओढवून घेतली. तुरुंगाच्या छापील कागदांवर शिसपेन्सिलीने त्याने सर्वोच्च न्यायालयाला अर्ज लिहिला. न्यायालयाने तो दाखल करून घेतला आणि त्याच्यासाठी एब फोर्टस हे वॉशिंग्टनमधले नामांकित वकील नेमले. १८ मार्च १९६३ रोजी सर्व नऊ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला की, गंभीर गुन्ह्यातील गरीब आरोपीला वकील पुरवणे राज्यावर बंधनकारक आहे. खटला पुन्हा चालला. या वेळी वकिलाने सरकारपक्षाच्या मुख्य साक्षीदाराला उघडे पाडले आणि ज्यूरीने गिडियनला निर्दोष ठरवले. पुरावा बराचसा तोच होता.

नागरिक कोण

सनदेतील बहुतेक हक्क ‘व्यक्ती’ला आहेत, नागरिकालाच नव्हे. तरी मतदान, बहुतेक सरकारी पदे आणि देशात राहण्याची शाश्वती नागरिकत्वावर अवलंबून. १७९० च्या कायद्याने परदेशी माणसाला नागरिकत्व घेता येई ते तो ‘मुक्त गोरा’ असेल तरच. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. भगतसिंग थिंड या शीख माजी सैनिकाला १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोरा मानण्यास नकार दिला. त्याचे वकील सखाराम गणेश पंडित स्वतः १९१४ पासून अमेरिकी नागरिक होते. या निकालानंतर त्यांचेही नागरिकत्व काढून घेण्यासाठी सरकारने दावा लावला, तो त्यांनी जिंकला. भारतीयांना हा मार्ग १९४६ च्या कायद्याने खुला झाला.

जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाची गोष्ट वेगळी. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेला वाँग किम आर्क नागरिकच आहे, असे १८९८ मध्ये ठरले. कामाच्या व्हिसावर गेलेल्या मराठी जोडप्यांची तिथे जन्मलेली मुले अमेरिकी ठरत आली ती याच आधारावर. आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बाप नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसेल, तर मुलाचे नागरिकत्व मान्य करू नये, असा आदेश राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये काढला व त्याविरुद्ध लगेच न्यायालयात आव्हाने दाखल झाली. नागरिकत्व असूनही हक्क मिळतीलच असे मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धात सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले, त्यांतले बहुसंख्य जन्माने अमेरिकी नागरिक होते. १९४४ मध्ये कोरेमात्सु खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पश्चिम किनाऱ्यावरून हटवण्याचा आदेश उचलून धरला.

भारतीय संविधानाशी संबंध

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना, अमेरिकेत हक्क निरपवाद आहेत आणि आपल्याकडे अपवादांनी पोखरलेले, या टीकेला त्यांनी उत्तर दिले ते गिटलो खटल्याचाच हवाला देऊन. तिथेही हक्क निरपवाद नाहीत. मर्यादा तिथे न्यायालय घालते, आपण त्या संविधानातच लिहितो, एवढाच फरक, असा त्यांचा मुद्दा होता. दोन्ही देशांची पहिली घटनादुरुस्ती भाषणस्वातंत्र्याला स्पर्श करते, हे लक्षात घेण्यासारखे. अमेरिकेची त्या स्वातंत्र्याला हमी देते. भारताच्या १९५१ च्या दुरुस्तीने त्यावरील निर्बंधांची कारणे वाढवली. अमेरिकेतील ‘योग्य कायदेशीर प्रक्रिया’ ही कसोटी संविधान सभेने जाणूनबुजून टाळली आणि अनुच्छेद २१ मध्ये कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती पुरेशी मानली. मनेका गांधी खटल्यात १९७८ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ही कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे असे ठरवले, आणि टाळलेली कसोटी बऱ्याच अंशी निकालाच्या वाटेने आत आली.