निळी झाक प्रकाशाची की वयाची?

उत्पादन बंद झालेल्या आणि मुदत संपलेल्या टंगस्टन स्लाइड फिल्मचा (दिव्याच्या पिवळसर प्रकाशासाठी बनवलेल्या, थेट सरळ रंगांचे चित्र देणाऱ्या फिल्मचा) रोल भर उन्हात वापरला आणि तो निळाशार धुऊन आला, की दोष सहसा फिल्मच्या वयाच्या माथी मारला जातो. तसाच रोल दिव्याखाली वापरल्यावर सावल्या हिरवट आल्या, तर मात्र ‘टंगस्टन फिल्म अशीच असते’ म्हणून विषय मिटवला जातो. दोन्ही वेळा निदान उलटे होते.

कोडॅकची एक्टाक्रोम ६४टी किंवा फुजीची ६४टी यांसारख्या फिल्म ३२०० केल्विन रंगतापमानाच्या (प्रकाश किती पिवळा किंवा निळा हे सांगणारे माप; आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळा) स्टुडिओ दिव्यांसाठी बनवलेल्या होत्या. अशा दिव्याच्या प्रकाशात निळा भाग तोकडा असतो, म्हणून या फिल्ममध्ये निळ्या प्रकाशाला संवेदनशील असलेला थर तांबड्या थराच्या मानाने अधिक वेगवान ठेवलेला असतो. हीच फिल्म सुमारे ५५०० केल्विनच्या दिवसाच्या उजेडात नेली, की निळ्याची भरपाई दुहेरी होते आणि सगळे चित्र निळे पडते. फिल्म अगदी ताजी असली तरी हेच घडते, कारण यात बिघाड काहीच नसतो. ही झाक उजळ भागापासून सावलीपर्यंत एकाच दिशेने सरकलेली असते, त्यामुळे अंबर रंगाचा ८५बी फिल्टर ती जवळजवळ पूर्ण काढतो. त्यात दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) खर्च होतो, म्हणजे ६४ आयएसओ वेगाची फिल्म ४० समजून प्रकाशमीटर लावायचा. (कोडाक्रोम ४० टाइप ए ही ३४०० केल्विनची होती, तिला ८५बी नव्हे तर ८५ फिल्टर लागे, पण तिच्यासाठी लागणारी के-१४ ही खास धुलाईच २०१० च्या अखेरीस थांबली, तेव्हा आज तिच्याकडून रंगांची अपेक्षा करण्यात अर्थ नाही.)

वयाची झाक अशी सरळ वागत नाही. फिल्ममधले तीन रंगथर एकाच वेगाने म्हातारे होत नाहीत. उष्णतेत आणि दमटपणात पडून राहिलेल्या रोलमध्ये एखादा थर आपला वेग इतरांपेक्षा जास्त गमावतो, आणि मग सावल्या एका रंगाकडे तर उजळ भाग दुसऱ्याच रंगाकडे झुकतात. असे झाले की कोणताही एक फिल्टर उपयोगी पडत नाही, कारण सावलीसाठी लावलेली दुरुस्ती उजळ भागाला बिघडवते.

दोहोंमधला फरक ओळखण्याची सर्वांत भरवशाची जागा चित्रात नाहीच. ती आहे फिल्मच्या कडेला, छिद्रांच्या पट्टीत. तिथे प्रकाश कधी पोहोचलेलाच नसतो, त्यामुळे प्रकाशाच्या रंगाचा तिच्यावर परिणाम होणे शक्य नाही. निकोप स्लाइड फिल्म लाइट टेबलवर ठेवली की ही कड गडद काळी दिसते. वयामुळे धुके चढलेले असेल, म्हणजे प्रकाश न पडताही फिल्मचे काही कण डेव्हलप होत असतील, तर धुलाईच्या पहिल्या रसायनातच (पहिल्या डेव्हलपरमध्ये) त्या कणांचे रूपांतर धातुरूप चांदीत होते, तितका रंग पुढे तयार होत नाही, आणि काळी कड पातळ होऊन तपकिरी, हिरवट किंवा जांभळट दिसू लागते. धुलाईतील चुकीमुळेही कड बिघडू शकते, म्हणून शक्य असल्यास त्याच टाकीत ताज्या स्लाइड फिल्मचा एक तुकडा धुऊन घ्यावा. तपासणी मात्र मूळ फिल्मवरच करावी; स्कॅनरची आपोआप होणारी रंगदुरुस्ती नेमका हाच पुरावा पुसून टाकते.

एक्सपोजरच्या बाबतीतही ही गल्लत महाग पडते. ‘दर दशकाला एक स्टॉप जादा’ हा सल्ला निगेटिव्हपुरता ठीक आहे, कारण तिथे जादा प्रकाशाने चित्र धुक्याच्या वर उचलले जाते. स्लाइडमध्ये धुके आणि जादा प्रकाश दोन्ही फिल्मला पातळच करतात, आणि सावली वाचवायला जावे तर ढग आधी पांढरे फटक पडतात. माझ्या मते जुन्या स्लाइड फिल्मवर डोळे झाकून एक स्टॉप वाढवण्यापेक्षा, एकाच प्रकारचे दोन-तीन रोल हाती असतील तर त्यातला एक चाचणीसाठी खर्ची घालावा: करड्या कार्डाचे चित्र ३२०० केल्विनच्या दिव्याखाली अर्ध्या-अर्ध्या स्टॉपच्या फरकाने घ्यावे, आणि तसेच उन्हात एकदा ८५बी लावून व एकदा न लावता घ्यावे. दिव्याखालचे कार्ड करडे, उन्हातले फिल्टरविना निळे आणि कड काळी आली, तर उरलेल्या रोलना फक्त फिल्टरची गरज आहे. दिव्याखालीही कार्डावर झाक आली आणि कडही पातळ दिसली, तर ते रोल जिथे अचूक रंग हवेत अशा कामाला लावू नयेत.